हाच तो वाघ कशावरून?

चंद्रपूर जिल्ह्यात, गोंदिया-बल्लारशा रेल्वेमार्गावर नागभीड आणि मूल यांच्या मध्ये सिंदेवाही हे तालुक्याचे गाव आहे. धानाची शेती, जुने मामा तलाव आणि गावाचे शिवार संपते न संपते तोच सुरू होणारे जंगल, असा हा मुलूख. उन्हाळ्यात धानाच्या बांध्या कोरड्या पडलेल्या असतात. तेव्हा मोहफुले आणि तेंदूपत्ता यांच्यावर अनेक घरांचा खर्च भागतो. १० मे २०२५ रोजी याच भागातील जंगलात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन स्त्रिया वाघाच्या हल्ल्यात मरण पावल्या.

अशी घटना घडली की गाव वनखात्याकडे एकच मागणी करते : त्या वाघाला पकडा. मागणी रास्त आहे. कारण दुसऱ्या दिवशी त्याच जंगलात पुन्हा जायचे असते; पोट थांबत नाही. पण ‘त्या वाघाला’ म्हणताना ‘त्या’ या एका शब्दात एक अवघड शास्त्रीय प्रश्न दडलेला असतो. तो म्हणजे नेमका कोणता? एका जंगलात एखादी वाघीण आपल्या पिल्लांसह राहत असते. तिच्या आणि शेजारच्या वाघिणींच्या क्षेत्रांवरून एखादा मोठा नर फिरत असतो. शिवाय ताडोब्यासारख्या ठिकाणी जन्मलेले आणि आईपासून वेगळे झालेले तरुण वाघ नव्या जागेच्या शोधात याच वाटांनी पुढे जातात. यांपैकी हल्ला कोणी केला?

चुकीचा वाघ पकडला गेला तर दोन अनर्थ होतात. ज्याने काही केले नाही तो जन्मभर पिंजऱ्यात जातो आणि ज्याच्यापासून धोका आहे तो मोकळाच राहतो. वर गावाला मात्र सांगितले जाते की आता भीती नाही. म्हणूनच १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या ११ व्या कलमानुसार असा निर्णय राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकानेच कारणे नोंदवून घ्यायचा असतो. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाने २०१३ मध्ये ठरवून दिलेल्या कार्यपद्धतीतही त्या विशिष्ट वाघाची ओळख पटवण्यावर भर आहे. ओळख पटवण्याचे मुख्य साधन म्हणजे छायाचित्र.

छायाचित्र खोटे बोलत नाही, अशी आपली समजूत असते. या लेखात आपण ती समजूत थोडी तपासून पाहणार आहोत. त्यासाठी जंगलातून काही काळ बाहेर पडावे लागेल, कारण ‘हाच तो’ हे ठरवण्याचा प्रश्न वनखात्याच्या आधी पोलिसांना पडला होता. त्यांनी केलेल्या चुका आणि त्यांतून शिकलेले धडे जंगलातही उपयोगी पडतात.

पाहणाऱ्याची साक्ष

सर्वांत जुना पुरावा म्हणजे ज्याने डोळ्यांनी पाहिले त्याचे सांगणे. माणूस खोटे बोलत नसला तरी त्याची स्मृती म्हणजे कपाटात ठेवलेली वस्तू नव्हे. आठवताना दर वेळी ती थोडी नव्याने रचली जाते. भीती, अपुरा प्रकाश, काही सेकंदांचाच अवधी आणि नंतर ऐकलेली चर्चा या सगळ्यांचा तिच्यावर परिणाम होतो.

लंडनमधील ॲडॉल्फ बेक याचे प्रकरण यासाठी प्रसिद्ध आहे. स्त्रियांना फसवून त्यांचे दागिने लांबवणाऱ्या एका भामट्याचा शोध चालू होता. अनेक स्त्रियांनी बेककडे बोट दाखवून ‘हाच तो’ असे शपथेवर सांगितले. १८९६ मध्ये बेकला शिक्षा झाली. सुटून आल्यावर १९०४ मध्ये तशाच आरोपावरून त्याला पुन्हा दोषी ठरवण्यात आले. तो कोठडीत असतानाच तशीच फसवणूक करणारा खरा गुन्हेगार पकडला गेला, तेव्हा कुठे बेकची सुटका झाली. साक्षीदार स्त्रिया प्रामाणिक होत्या. त्यांची फसगत करणारा आणि बेक यांच्यात काही साम्य होते, एवढेच. या प्रकरणाने इंग्लंडमध्ये इतकी खळबळ उडाली की १९०७ मध्ये तिथे फौजदारी अपिलांसाठी वेगळे न्यायालय स्थापन करणारा कायदा झाला.

अनेकांनी एकच गोष्ट ठामपणे सांगितली म्हणजे ती खरी ठरत नाही, हा या प्रकरणाचा पहिला धडा. मग यंत्राची मदत घेतली तर?

बेर्तियोंची खुर्ची

छायाचित्रणाचा शोध लागल्यावर थोड्याच वर्षांत युरोपातील पोलीस कैद्यांचे फोटो काढून ठेवू लागले. पण फोटोंचे ढीग साठले तरी त्यांचा उपयोग होईना. कोणी स्टुडिओत ऐटीत बसलेला, कोणी मान वाकडी केलेला. कुठे उजेड डावीकडून, कुठे समोरून. एक चेहरा मोठा, दुसरा लहान. एकाच माणसाचे दोन फोटो शेजारी ठेवले तरी ते दोन माणसांचे वाटत.

पॅरिसच्या पोलीस खात्यातील आल्फाँस बेर्तियों या कारकुनाने १८८० च्या दशकात यावर उपाय काढला. शरीराच्या ११ मापांवरून माणूस ओळखण्याची त्याची पद्धत बोटांच्या ठशांमुळे पुढे मागे पडली. कलकत्त्यात १८९७ मध्ये ठशांचे कार्यालय सुरू झाले, त्यामागे अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन भारतीय पोलीस अधिकाऱ्यांचे मोठे काम होते. बेर्तियोंची छायाचित्रण पद्धत मात्र आजही टिकून आहे. ठरावीक खुर्ची, कॅमेऱ्यापासून ठरावीक अंतर, ठरावीक प्रकाश, एक फोटो समोरून आणि एक बाजूने. फोटो प्रत्यक्ष चेहऱ्याच्या एक सप्तमांश आकाराचा. बाजूचा फोटो कशासाठी? तर माणूस दाढी वाढवू शकतो, केस कापू शकतो, पण कानाची घडण बदलत नाही.

अंतर ठरवून देण्याची एवढी गरज का होती, हे साध्या गणिताने समजते. समजा, कॅमेरा नाकाच्या टोकापासून ३० सें.मी. वर आहे आणि कान नाकाच्या टोकाच्या १२ सें.मी. मागे आहे. म्हणजे कान कॅमेऱ्यापासून ४२ सें.मी. वर झाला. वस्तू जितकी जवळ तितकी तिची प्रतिमा मोठी. त्यामुळे या फोटोत कानाच्या तुलनेत नाक ४२ भागिले ३०, म्हणजे १.४ पट मोठे दिसेल. आता कॅमेरा ३ मीटरवर न्या. नाक ३०० सें.मी. वर आणि कान ३१२ सें.मी. वर. गुणोत्तर फक्त १.०४. माणूस तोच, नाक तेच. पण पहिल्या फोटोत नाक ४० टक्के फुगलेले आणि दुसऱ्यात जेमतेम ४ टक्के. मोबाइलने हात लांब करून काढलेला फोटो आणि ओळखपत्रावरील फोटो यांत आपण वेगळे का दिसतो, त्याचे हे एक मोठे कारण आहे.

येथे एक गैरसमज दूर करायला हवा. हा फरक भिंगाने पडत नाही, अंतराने पडतो. ठेवणीतला हा बदल टाळण्यासाठी भारी कॅमेरा लागत नाही. दोन्ही फोटो सारख्या अंतरावरून काढले की झाले. बेर्तियोंने जे ओळखले ते हेच. एकटा फोटो काहीच सिद्ध करत नाही. सिद्ध करते ती दोन फोटोंची तुलना, आणि दोन्ही फोटो एकाच रीतीने काढलेले असतील तरच ती तुलना खरी.

अल्बम आणि साक्षीदार

चांगले फोटो जमले, पण त्यातून नवाच घोटाळा उभा राहिला. पोलिसांनी साक्षीदारासमोर फोटोंचा अल्बम ठेवायचा आणि विचारायचे, यात तो आहे का? अल्बममध्ये असतात ते पूर्वी कधी तरी पकडले गेलेले लोक. खरा गुन्हेगार पहिल्यांदाच गुन्हा करत असेल तर तो अल्बममध्ये नसतोच. तरीही साक्षीदार पाने उलटत जातो आणि मनातल्या चेहऱ्याशी त्यातल्या त्यात जुळणाऱ्या फोटोवर बोट ठेवतो. म्हणजे त्याने ‘हाच तो’ असे सांगितलेले नसते. ‘यांच्यात हा सर्वांत जवळचा’ एवढेच सांगितलेले असते. दोन्ही वाक्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

फोटो कसे काढले, कसे छापले यानेही साक्षीदाराचे मन वळते. सहा फोटोंपैकी पाच साध्या भिंतीसमोरचे आणि एक गजांच्या पार्श्वभूमीवरचा असेल तर नजर कुठे जाईल? एकच फोटो रंगीत किंवा आकाराने मोठा असेल तर? छपाईची गडद छटाही चेहऱ्याला गुन्हेगारी रूप देऊ शकते. अमेरिकेत १९९४ च्या जूनमध्ये ओ. जे. सिम्पसन याचा पोलिसांनी काढलेला एकच फोटो ‘टाइम’ आणि ‘न्यूजवीक’ या दोन्ही साप्ताहिकांनी मुखपृष्ठावर छापला. ‘टाइम’ने तो बराच काळवंडून छापला होता. दुकानात दोन्ही अंक शेजारी शेजारी लागले तेव्हा फरक सर्वांच्या डोळ्यांत भरला आणि त्यावर मोठा वाद झाला.

तिसरा धोका सर्वांत सूक्ष्म आहे. साक्षीदाराला एकदा फोटो दाखवला की त्याच्या मनात दोन चेहरे राहतात, एक घटनेच्या वेळचा आणि एक फोटोतला. पुढे ओळख परेडमध्ये तो ज्याला ओळखतो तो नेमका कुठून ओळखतो, हे त्याचे त्यालाही सांगता येत नाही. म्हणूनच परेडच्या आधी साक्षीदाराला संशयिताचा फोटो दाखवला गेला असेल तर आपली न्यायालये त्या परेडला फारसे महत्त्व देत नाहीत. मुळात ओळख परेड हा आपल्या कायद्यात स्वतंत्र पुरावा मानला जात नाही. न्यायालयात दिलेल्या साक्षीला तिचा आधार तेवढा मिळतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने २०१४ मध्ये या विषयावर अहवाल दिला. साक्षीदाराला फोटो दाखवणाऱ्या अधिकाऱ्यालाच संशयित कोणता हे माहीत नसावे, अशी त्यातील एक शिफारस आहे. म्हणजे नकळतही सूचना दिली जात नाही.

घटना घडत असतानाच काढलेला फोटो मात्र वेगळ्या जातीचा असतो. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईच्या छत्रपती शिवाजी टर्मिनसवर सेबॅस्टियन डिसूझा आणि श्रीराम वेर्णेकर या दोन वृत्तपत्र छायाचित्रकारांनी जीव धोक्यात घालून हल्लेखोरांचे फोटो टिपले. पुढे दोघांनीही न्यायालयात साक्ष दिली, आणि २९ ऑगस्ट २०१२ च्या निकालपत्रात सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या कामाची आवर्जून दखल घेतली. येथे फोटोत माणूस होता, जागा होती, हातातले शस्त्र होते. आणि फोटो कुठे, केव्हा, कसा काढला हे सांगायला काढणारा स्वतः उभा होता. फोटोचे वजन या सर्वांमुळे वाढले.

हे तीन धडे (काढण्याची रीत, अल्बमची मर्यादा आणि फोटोमागचा माणूस) बरोबर घेऊन आपण आता सिंदेवाहीच्या जंगलात परत जाऊ.

ठशांपासून पट्ट्यांपर्यंत

भारतात वाघ ओळखण्याचे शास्त्र फोटोंपासून सुरू झाले नाही. ते पाऊलखुणांपासून सुरू झाले. ओडिशाचे वनाधिकारी सरोज राज चौधरी यांनी १९६० च्या दशकात पंज्याच्या ठशांवरून वाघ मोजण्याची पद्धत बसवली. धुळीत उमटलेल्या ठशावर काच धरायची, त्यावर ठशाची बाह्यरेषा काढून घ्यायची आणि रेखाटनांची तुलना करून किती वेगवेगळे वाघ आहेत ते ठरवायचे. १९७२ च्या देशव्यापी गणनेत या मार्गाने १८२७ वाघ मोजले गेले.

पण एकाच वाघाचा ठसा बारीक धुळीत एक, ओल्या चिखलात दुसरा आणि वाळूत तिसराच उमटतो. चाल बदलली, उतार आला की आकार बदलतो. शिवाय काचेवर रेषा काढणारा हात माणसाचा. वन्यजीवशास्त्रज्ञ उल्लास कारंथ यांनी पिंजऱ्यातील मोजक्याच वाघांच्या ठशांची रेखाटने अनुभवी अधिकाऱ्यांसमोर ठेवली, तेव्हा त्यांनी प्रत्यक्षापेक्षा जास्त वाघ मोजले. २००५ साली तर राजस्थानातील सरिस्का प्रकल्पात एकही वाघ उरला नसल्याचे उघड झाले. कागदावर तिथे वाघ होते! त्यानंतर नेमलेल्या व्याघ्र कृती दलाच्या अहवालानंतर देशभरची गणनेची पद्धतच बदलली.

वाघाच्या अंगावरचे पट्टे आपल्या बोटांच्या ठशांसारखे असतात. दोन वाघांचे सारखे नसतात. एफ. डब्ल्यू. चॅम्पियन या वनाधिकाऱ्याने १९२० च्या दशकात हिमालयाच्या पायथ्याच्या जंगलात वाटेवर तार बांधून, वाघाचा पाय लागताच प्रकाश पडून फोटो निघेल अशी योजना केली होती. अशा फोटोंतील पट्ट्यांवरून एकेक वाघ ओळखता येतो, हे त्याच्या ध्यानात आले होते. पण त्याला मोजणीच्या शास्त्राचे रूप यायला सत्तर वर्षे जावी लागली. कर्नाटकातील नागरहोळे येथे कारंथ यांनी स्वयंचलित कॅमेरे लावून वाघांची संख्या काढण्याची संख्याशास्त्रीय पद्धत वापरली आणि १९९५ मध्ये ती प्रसिद्ध केली. तेव्हाच्या कॅमेऱ्यात ३६ फोटोंचा रोल असे. हरणे आणि गुरे येऊन तो संपवून टाकत आणि मागून आलेला वाघ सुटून जाई. पुढे डिजिटल कॅमेरे आले. २०१८ च्या देशव्यापी गणनेत २६,८३८ जागी कॅमेरे लावले गेले. त्यांनी सुमारे ३ कोटी ४९ लाख फोटो टिपले. त्यांत वाघांचे फोटो निघाले ७६,६५१. म्हणजे साडेचारशेहून जास्त फोटो चाळावे तेव्हा वाघाचा एक. त्यांतून २,४६१ वाघ एकेक करून ओळखले गेले.

कॅमेरा कुठे चुकवतो?

आता हाच कॅमेरा मोजणीसाठी न वापरता संशयित शोधण्यासाठी वापरायचा आहे असे समजा. येथे छायाचित्रणाचे तंत्र निर्णायक ठरते.

पहिली गोष्ट कुशीची. वाघाच्या डाव्या कुशीवरचे पट्टे आणि उजव्या कुशीवरचे पट्टे एकसारखे नसतात. एका कॅमेऱ्यात डाव्या कुशीचा फोटो आला आणि दुसऱ्या ठिकाणी उजव्या कुशीचा, तर ते दोन वाघ आहेत की एकच, हे त्या दोन फोटोंवरून सांगता येणार नाही. म्हणून जंगलवाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर दोन कॅमेरे, साधारण गुडघ्याच्या उंचीवर लावतात. दोन्ही कुशी एकाच क्षणी मिळाल्या की त्या वाघाची नोंद पूर्ण होते. बेर्तियोंच्या दोन फोटोंचाच हा जंगलातला अवतार.

दुसरी गोष्ट उजेडाची. काही कॅमेरे रात्री पांढरा लख्ख प्रकाश टाकतात, काही अवरक्त किरण वापरतात. पांढऱ्या प्रकाशाने प्राणी बिचकतो आणि पुन्हा त्या वाटेने येताना सावध होतो, कॅमेऱ्याचे अस्तित्व माणसांनाही कळते. अवरक्त प्रकाश डोळ्यांना जवळजवळ दिसत नाही, पण तो मंद असल्यामुळे फोटो टिपायला वेळ जास्त लागतो. समजा, वाघ सेकंदाला एक मीटर या चालीने जात आहे आणि फोटो टिपायला सेकंदाचा १५ वा भाग लागतो. तेवढ्यात वाघ जवळजवळ ७ सें.मी. पुढे सरकतो. पट्ट्यांची रुंदी काही सेंटिमीटरच असते, त्यामुळे ते एकमेकांत मिसळून जातात. पांढऱ्या प्रकाशाचा झोत सेकंदाच्या हजाराव्या भागाइतका असेल तर वाघ फक्त एक मिलिमीटर सरकतो आणि पट्टे कोरल्यासारखे येतात. अंधुक फोटोत वाघ दिसतो, पण तो कोण हे दिसत नाही. आणि अंधुक फोटोतच माणसाला जे हवे ते दिसण्याचा धोका सर्वांत जास्त.

तिसरी गोष्ट कोनाची. वाघ कॅमेऱ्यासमोरून सरळ आडवा गेला तर कूस पूर्ण दिसते. तो ६० अंशांनी तिरका वळला तर तीच कूस निम्म्या लांबीची दिसते आणि पट्टे दाटीवाटीने आल्यासारखे वाटतात. पोट भरलेले असेल, पाय पुढे टाकलेला असेल तर कातडी ताणली जाते. यावर उपाय म्हणून २००९ मध्ये काही संशोधकांनी संगणकात वाघाच्या शरीराची त्रिमित आकृती तयार केली. फोटोतील वाघ त्या आकृतीवर बसवायचा आणि कोन व ठेवण यांचा फरक वजा करून पट्टे जुळवायचे. जप्त केलेले कातडे कुठल्या जंगलातील वाघाचे आहे, हेही या मार्गाने शोधता येईल असे त्यांनी सुचवले. पण संगणक जुळणारे फोटो पुढे काढून देतो. शेवटी पट्टान् पट्टा ताडून ‘होय, हाच’ म्हणायचे काम डोळ्यांचेच राहते.

चौथी गोष्ट खास आपल्या भागाची आहे. हे कॅमेरे हालत्या उष्ण वस्तूमुळे चालू होतात. प्राण्याच्या अंगाची उष्णता आणि मागच्या झाडा-जमिनीची उष्णता यांतला फरक कॅमेऱ्यातील संवेदक टिपतो. तेंदूपत्त्याचा हंगाम ऐन उन्हाळ्यात, मे महिन्यात असतो आणि त्या दिवसांत चंद्रपूर जिल्ह्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. जमीन आणि दगड वाघाच्या अंगाइतके किंवा त्याहून जास्त तापतात. फरकच उरला नाही तर समोरून वाघ जाऊनही कॅमेरा झोपून राहू शकतो. म्हणजे माणूस जंगलात सर्वांत जास्त असतो, त्याच काळात दुपारच्या वेळी कॅमेऱ्याचा भरवसा सर्वांत कमी. कॅमेऱ्यात वाघ आला नाही याचा अर्थ वाघ आला नाही असा होत नाही.

पाचवी गोष्ट अगदी क्षुल्लक वाटेल अशी. कॅमेरा लावताना त्यातले घड्याळ आणि तारीख नीट लावली नाही, तर पुढचा सगळा पुरावा वाया जातो.

फोटोतला वाघ आणि दोषी वाघ

समजा, हे सर्व नीट जमले. हल्ल्याच्या जागेजवळच्या कॅमेऱ्यात एका वाघिणीचा स्पष्ट फोटो आला, पट्टे जुळले. आता तरी ‘हीच ती’ म्हणता येईल का?

येथे पोलिसांच्या अल्बमची आठवण होते. जी वाघीण त्या जंगलात कायम राहते, तिचे फोटो वारंवार येतात. तिची नोंद आहे, तिला क्रमांक आहे. एखादा तरुण नर रात्रीतून आला, दोन दिवस थांबला आणि पुढे निघून गेला, तर त्याचा फोटो एखादाच येईल किंवा येणारही नाही. मग संशयाची सुई सहजच वाघिणीकडे वळते. तिने काही केले म्हणून नव्हे, तर ती अल्बममध्ये आहे म्हणून. तिला पिल्ले असतील तर ती त्याच परिसरात घोटाळत राहते आणि आणखी फोटोंत येते. जितके फोटो जास्त तितका संशय जास्त, हा न्याय नव्हे.

फोटो एवढेच सांगतो की हा वाघ या वेळी येथे होता. हल्ला त्याने केला की नाही, हे दुसऱ्या पुराव्याने ठरते. जखमेवर राहिलेली लाळ किंवा घटनास्थळी सापडलेला केस यांतील डीएनए काढून तो कोणत्या वाघाचा हे तपासता येते. हैदराबादच्या सीसीएमबीसारख्या संस्थांनी आपल्या देशात अशा तपासण्यांचा पाया घातला. पण नमुना लवकर, ऊन-पावसाने खराब होण्याआधी घ्यावा लागतो. जमाव संतापलेला असताना, मृतदेह हलवण्याची घाई असताना वनरक्षकाला हे काम करायचे असते. त्याच्या हातातील कापसाचा बोळा पुढच्या सगळ्या निर्णयाचा आधार असतो.

आणि गावकऱ्यांची साक्ष? तिला कमी लेखून चालणार नाही. वाघ कोणत्या दिशेने आला, एकटा होता की पिल्ले होती, गळ्यात पट्टा होता का, लंगडत होता का, हल्ला किती वाजता झाला, हे फक्त तिथे असलेला माणूसच सांगू शकतो. कॅमेरा वाटेवर असतो, हल्ला झुडपात होतो. पाहणाऱ्याने काय घडले ते सांगावे, कॅमेऱ्याने कोण होते ते सांगावे, आणि डीएनएने त्या दोहोंचा सांधा जोडावा. तिन्हींपैकी एकाला तिघांचे काम सांगितले की चूक होते. म्हणूनच हल्ल्यानंतर गावातल्या माणसाला मोबाइलवर एखाद्या वाघाचा फोटो दाखवून ‘हाच होता ना?’ असे विचारणे टाळायला हवे. घाबरलेला माणूस हो म्हणेल, आणि तो फोटो त्याच्या आठवणीत कायमचा मिसळून जाईल.

हे सर्व वेळ खाणारे आहे, आणि वेळ तर गावाकडे नसतो. राजुरा भागात आठ जणांच्या मृत्यूंशी संबंध जोडला गेलेला आरटी-१ हा वाघ पकडण्यासाठी मोठ्या संख्येने कॅमेरे लावून माग काढावा लागला. तो २७ ऑक्टोबर २०२० रोजी पिंजऱ्यात आला. सीटी-१ या वाघाचे प्रकरण आणखी बोलके आहे. गडचिरोलीतील वडसा, भंडारा आणि चंद्रपूरमधील ब्रह्मपुरी अशा तीन भागांत मिळून १३ मृत्यू त्याच्या नावावर नोंदले गेले. १३ ऑक्टोबर २०२२ रोजी वडसा भागात त्याला बेशुद्ध करून पकडण्यात आले. तीन जिल्ह्यांतून फिरणारा वाघ एकच आहे, हे कळायला तिन्हीकडचे फोटो एका ठिकाणी येऊन ताडले जाणे भाग असते. प्रत्येक वनविभागाचा अल्बम वेगळ्या कपाटात राहिला तर एकच वाघ तीन वाघ होतो, किंवा तीन वाघ मिळून एक.

चूक टाळण्यासाठी थांबावे तर आणखी एक जीव जाण्याची भीती, आणि घाई करावी तर चुकीचा वाघ पकडण्याची. हा पेच कोणत्याही यंत्राने पूर्ण सुटणार नाही. पण घटनेच्या आधीच दोन्ही कुशींचे, एकाच रीतीने काढलेले, तारखेसह नीट ठेवलेले फोटो तयार असतील तर थांबण्याचा काळ नक्की कमी होतो. ज्या गावांना जंगलात गेल्यावाचून गत्यंतर नाही, त्यांच्या सुरक्षेचा हाही एक भाग आहे.

वर्गात करून पाहण्यासाठी

१. एका विद्यार्थ्याचा फोटो ३० सें.मी. वरून आणि दुसरा ३ मीटरवरून काढा. दोन्ही फोटोंत चेहरा सारख्याच आकाराचा दिसेल असे करून नाकाची रुंदी आणि दोन कानांतले अंतर मोजा. कान दिसेनासे झाले का? का झाले असतील?

२. चार सारख्या बाटल्यांना पांढरा कागद गुंडाळा. प्रत्येकीच्या दोन्ही बाजूंना वेगवेगळे पट्टे काढा. दोन्ही बाजूंचे फोटो काढून, काही फोटो मुद्दाम तिरके व हलवून काढून, ते दुसऱ्या गटाला द्या. ‘वाघ किती?’ एवढेच विचारा. नंतर त्यांना समोरासमोरच्या जोडीने काढलेले फोटो द्या आणि पुन्हा विचारा. दोन्ही उत्तरे फळ्यावर लिहा.

३. वर्गाला एका अनोळखी व्यक्तीचा फोटो दहा सेकंद दाखवा. दुसऱ्या दिवशी सहा फोटो दाखवा, पण मूळ व्यक्तीचा फोटो त्यांत ठेवू नका. ‘यात नाही’ असे म्हणणारे किती निघतात ते मोजा. हा आकडा बहुधा सर्वांनाच विचार करायला लावेल.

तिसऱ्या प्रयोगानंतर मुलांशी जरूर बोलावे. ज्यांनी चुकीच्या फोटोवर बोट ठेवले त्यांनी खोटेपणा केलेला नाही. प्रश्नच असा विचारला गेला होता की उत्तर त्या सहांतच असले पाहिजे असे त्यांना वाटले. ‘यांच्यापैकी कोणीच नाही’ हेही एक शास्त्रीय उत्तर असते आणि ते देण्याची मोकळीक असावी लागते. साक्षीदाराला ती हवी असते, वनाधिकाऱ्याला हवी असते, आणि परीक्षेला बसलेल्या विद्यार्थ्यालाही.